चार ट्रॅक, चार जण आणि एक करार

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या चौतिशीतल्या बाई चौघांच्या रॉक बँडमध्ये बास वाजवतात. बँडला नऊ वर्षं झाली. चौघंही नोकऱ्या सांभाळून वाजवतात. सुरुवात एका जुन्या फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरवर झाली. पुढे लॅपटॉप आला, तरी आवाज त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला: टेपची सळसळ, मागे कुठेतरी दार लागल्याचा आवाज, वरच्या सुरात फाटणारा गळा. पाच अल्बम स्वतःच काढले. ऐकणारे थोडे, पण जीव लावणारे. आता एका छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने, प्रस्ताव दिलाय. पहिला अल्बम चांगल्या स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड करायचा, मग दोन नवे अल्बम, रेकॉर्डिंगवर देखरेख करणारा निर्माता त्यांचा, आणि वर्षातले तीन-चार महिने दौरे. गाणी लिहिणारा गायक म्हणतो, ‘स्टुडिओत गेलो की आपण संपलो.’ ड्रमर म्हणतो, ‘आता नाही तर कधीच नाही.’ गिटारवाला दोघांनाही हो म्हणतो. बाई विचारतात, ‘प्रामाणिक राहायचं की पुढे जायचं? नऊ वर्षं देऊनही आम्ही हौशीच राहिलो याची लाज वाटते. उत्तर तीन आठवड्यांत द्यायचंय.’ आणि शेवटी कंसात एक ओळ: ‘आजवरचं सगळं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग मीच केलंय, पण तो मुद्दा नाही.’

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसातल्या ओळीपाशी थांबले. तो मुद्दा नाही असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, मुद्दा बराचसा तिथेच आहे. पण तिकडे जरा वळसा घेऊन येऊ, कारण तुम्ही विचारलेला प्रश्नही खरा आहे आणि घरच्या घरी गाणी करणाऱ्या पुष्कळ बँडना तो कधी ना कधी पडतो.

‘प्रामाणिक राहायचं की पुढे जायचं’ असं विचारताना तुम्ही दोन गोष्टी धरून चालला आहात. टेपची सळसळ म्हणजे प्रामाणिकपणा, ही एक. स्टुडिओ म्हणजे पुढे, ही दुसरी. मला दोन्हींबद्दल शंका आहे.

सळसळ आली कुठून ते बघा. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने टॅस्कॅम पोर्टास्टुडिओ १४४ बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे आवाजाचे चार थर, वेगवेगळे टिपणारी पेटी. त्याआधी एका आवाजावर दुसरा आवाज चढवायचा तर रिळांची मोठी यंत्रं लागत, नाहीतर भाड्याचा स्टुडिओ. या पेटीमुळे झोपायच्या खोलीत अल्बम होऊ लागले. कॅसेटची फीत अरुंद, तिच्यावर चार ट्रॅक दाटीवाटीने बसवलेले, त्यामुळे सळसळ येणारच होती. ती कुणी निवडलेली नव्हती. जवळ जे होतं त्यातून ती आली आणि गाणी चांगली होती म्हणून लोकांच्या कानांना ती आवडू लागली.

ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन रॉक गायकाने याच यंत्रावर घरात बसून काही गाणी टिपली होती. उद्देश इतकाच की बँडला ती समजावीत. मग बँड घेऊन ती स्टुडिओत वाजवून पाहिली, पण मनासारखी होईनात. शेवटी ती कॅसेटच १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ नावाने अल्बम म्हणून निघाली. हा किस्सा घरगुती रेकॉर्डिंगच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. मला त्यातलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. त्याने दोन्ही करून पाहिलं. हवा तो स्टुडिओ मिळत असताना, दोन्ही ऐकून, त्याने कॅसेट निवडली. तुमच्या गायकाने तुमची गाणी स्टुडिओत कशी वाजतील हे अजून ऐकलेलंच नाही. त्याच्या नकारामागे निवड कमी आणि भीती जास्त असावी. भीती वाटण्यात गैर काही नाही, पण तिला तत्त्व म्हणायची घाई करू नका.

आता गाइडेड बाय व्हॉइसेस या अमेरिकन बँडकडे या. लो-फाय रॉकची, म्हणजे घरगुती, खरबरीत रेकॉर्डिंगच्या रॉकची, गोष्ट त्यांच्याशिवाय सांगताच येत नाही. ओहायोतल्या डेटन शहरात १९८३ मध्ये हा बँड सुरू झाला. गाणी लिहिणारा रॉबर्ट पोलार्ड शाळेत चौथीच्या मुलांना शिकवायचा, आणि हे काम त्याने चौदा वर्षं केलं. १९९२ चा ‘प्रोपेलर’ हा त्यांनी शेवटचा अल्बम म्हणून काढला होता. रेकॉर्डच्या ५०० प्रती काढल्या आणि प्रत्येकीचं वेष्टन हाताने वेगळं केलं. त्या अल्बममुळेच बाहेरच्या लोकांचं लक्ष गेलं. १९९४ मध्ये ‘बी थाउजंड’ आला आणि नाव झालं, तेव्हा पोलार्ड छत्तीस वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याहून दोन वर्षांनी मोठा आणि बँडला अकरा वर्षं झालेली. तुम्हाला ज्याची लाज वाटते, नोकरी, थोडे श्रोते, घरचं रेकॉर्डिंग, ते सगळं त्याच्याकडे होतं. कामावरून परत आल्यावर गाणं करायचं हीच त्या बँडची घडण होती.

पुढे १९९९ मध्ये त्यांनी कार्स या बँडचा रिक ओकासेक निर्माता म्हणून घेतला आणि चकचकीत अल्बम केला. जुन्या चाहत्यांतले काही नाराज झाले. बँड मात्र संपला नाही. ते २००४ मध्ये थांबले, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले, पुन्हा फुटले, पुन्हा जमले. माणसं बदलली, पोलार्ड राहिला. अल्बमची संख्या तिसाच्या पुढे कधीच गेली. त्यांचा आवाज किती वेळा बदलला याची यादी केली तर तुमच्या गायकाला कदाचित थोडा धीर येईल.

मग जपायचं काय? फोर-ट्रॅकवर काम केलेल्या माणसाला हे मी सांगायला नको, पण तुमच्या निर्मात्यालाही ते सांगावं लागेल, म्हणून शब्दांत मांडून ठेवा. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून मोकळ्या चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. एकदा उतरवलं की ‘ड्रम्स जरा पुढे हवे होते’ म्हणून मागे फिरता येत नाही. प्रत्येक उतरवणीत वरचे स्वर थोडे मावळतात, सळसळ थोडी वाढते. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे गाणं ताजं असतानाच ठरवावं लागतं. माझ्या मते लो-फाय बँडची खरी कमाई ही आहे. लवकर ठरवायचं आणि ठरवलेल्यावर टिकायचं. गाणी आटोपशीर होतात, पहिल्या टेकमधली, म्हणजे पहिल्यांदा वाजवून टिपलेल्यातली, चूक राहते कारण तिच्यात जीव असतो. स्टुडिओत ट्रॅकना मर्यादा नाही, म्हणून निर्णय पुढे ढकलले जातात. गिटारचे अकरा थर होतात आणि कुठला ठेवायचा ते कुणालाच सांगता येत नाही. बँड स्टुडिओत जाऊन बिघडतात ते बहुतेक या टाळाटाळीने, सळसळ गेल्यामुळे क्वचितच.

म्हणून स्टुडिओत जायचं ठरलंच, तर आधीच हद्द आखून घ्या. एका गाण्याला जास्तीत जास्त आठ ट्रॅक. चौघांनी एका खोलीत एकत्र वाजवायचं. तिसऱ्या टेकनंतर पुढच्या गाण्याकडे जायचं. निर्मात्याला ही अट मान्य नसेल तर तो तुमचा निर्माता नाही, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. मधला रस्ताही असतो. ड्रम्स आणि बास स्टुडिओत करायचे, कारण घरात त्यांनाच सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि गळा घरीच टिपायचा. सही करण्याआधी लेबलकडे दोन गाण्यांची चाचणी मागा, एक जुनं, एक नवं. चार दिवसांत होणारं काम आहे. त्याने जे कळेल ते चौघांच्या महिनाभराच्या वादातून कळणार नाही.

पहिला अल्बम पुन्हा रेकॉर्ड करण्याबद्दल मात्र मी थोडी सावध आहे. याचं चांगलं उदाहरण आहे. विल टोलेडो कार सीट हेडरेस्ट या नावाने गाणी करतो. हे नाव पडलं कारण सुरुवातीला तो गळा गाडीच्या मागच्या सीटवर बसून रेकॉर्ड करायचा. २०११ चा ‘ट्विन फँटसी’ हा अल्बम त्याने घरी करून बँडकॅम्प या थेट गाणी विकायच्या संकेतस्थळावर टाकला होता. मॅटाडोर या लेबलशी करार झाल्यावर २०१८ मध्ये त्याने तो अख्खा बँडसह पुन्हा केला आणि जुना अल्बमही ऐकायला ठेवला. दोन्हींना वेगळी उपनावं दिली. पण पुन्हा करायची ओढ त्याची स्वतःची होती. तुमच्या बाबतीत ती लेबलची आहे. त्यांना हे का हवंय? जुन्या गाण्यांच्या नव्या रेकॉर्डिंगचे हक्क त्यांच्याकडे राहतील म्हणून की त्यांना खरंच त्या गाण्यांत काही अर्धवट राहिलेलं ऐकू येतं? विचारा. दुसरं उत्तर आलं तर कुठल्या गाण्यात काय राहिलंय ते त्यांना नेमकं सांगता आलं पाहिजे. आणि जुनी आवृत्ती काढून टाकायची अट असेल तर तिथे नाही म्हणा.

आता करार. हे शब्द नऊ वर्षं वाजवणाऱ्यांनाही कुणी नीट समजावत नाही, म्हणून थोडं लांबण लावते. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक, गाण्याचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा. दोन, त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, ज्याला मास्टर म्हणतात. लेबल बहुधा मास्टर मागतं. ते कायमचे देऊन टाकणं वेगळं आणि ठरावीक वर्षांसाठी वापरायला देणं वेगळं. छोट्या लेबलकडून दुसरा प्रकार मिळू शकतो. मुदत किती, मुदत संपल्यावर हक्क आपोआप परत येतात का, आणि लेबल बंद पडलं तर काय, हे तिन्ही लेखी असू दे. शेवटचा प्रश्न अशुभ वाटेल, पण तो विचाराच. रफ ट्रेड लेबल १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेलं तेव्हा गॅलॅक्सी ५०० या बँडमधल्यांना स्वतःच्याच रेकॉर्डिंग्ज लिलावातून विकत घ्याव्या लागल्या.

लेबल आगाऊ पैसे देतं तो ॲडव्हान्स ही भेट नसते. स्टुडिओ, निर्माता, व्हिडिओ असे खर्च आधी वळते होतात, मग तुमचा वाटा सुरू होतो. नफा निम्मानिम्मा असं लिहिलेलं असेल तर कुठले खर्च वजा करून उरलेला नफा, याची यादी मागा. ‘दोन नवे अल्बम’ यातही एक गोम असते. ते काढणं लेबलवर बंधनकारक आहे, की फक्त तुमच्यावर? पुष्कळदा तुम्ही बांधले जाता आणि लेबल मोकळं राहतं. आणि हे सगळं अशा वकिलाला दाखवा ज्याने संगीताचे करार पाहिलेले आहेत. ओळखीचा कुठलाही वकील चालणार नाही.

लेबल आणणार काय, हेही तोलून बघा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळतच नाही. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून १५ टक्के घेतं आणि विक्री एका टप्प्यापुढे गेली की १० टक्के. व्यवहाराचं शुल्क वेगळं, पण उरलेलं बँडचं. म्हणजे श्रोते थोडे आणि जीव लावणारे असतील, तर थेट विक्री तुमच्यासाठी स्ट्रीमिंगपेक्षा फायद्याची आहे. ती तुम्ही आजही करता. मग लेबलने ते आणावं जे तुम्हाला जमत नाही: दुसऱ्या शहरांतले कार्यक्रम, रेकॉर्ड छापायचं भांडवल, दुकानांपर्यंतची वाट, आणि तुमची संगणकापुढची सुटलेली संध्याकाळ.

‘पुढे’ या शब्दाबद्दल एवढंच म्हणेन की कारकीर्द जिन्यासारखी चढत नाही. पेव्हमेंट हा बँड १९९९ मध्ये फुटला. त्याच वर्षी एका ईपीवर, म्हणजे चार-पाच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, त्यांचं ‘हार्नेस युअर होप्स’ हे बाजूला पडलेलं गाणं निघालं होतं. कित्येक वर्षांनी स्पॉटिफाय ते आपोआप पुढे वाजवू लागलं आणि ते तिथलं त्यांचं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं झालं. असं काही ठरवून घडवता येत नाही. पण ते घडेल तेव्हा गाणं सापडावं आणि त्याचे हक्क कुणाकडे आहेत हे माहीत असावं, इतकी तजवीज करता येते.

आता कंसातली ओळ.

नऊ वर्षं त्या बँडचा आवाज तुम्ही घडवलाय. गायक ज्याला ‘आपला आवाज’ म्हणतो, जो वाचवायला तो धडपडतोय, तो तुमच्या कानांनी आणि हातांनी झालेला आहे. प्रस्तावात निर्माता लेबलचा आहे. म्हणजे गायक गायकच राहील, ड्रमर ड्रमरच, गिटारवाला गिटारच वाजवेल. जागा जाईल ती एकट्या तुमची. पत्रात तुम्ही तिघांची मतं स्वच्छ लिहिलीत आणि स्वतःचं लिहिलं नाहीत. मला वाटतं, जायचंय असं म्हटलं तर स्वतःला वगळल्यासारखं होईल आणि नको म्हटलं तर स्वतःची खुर्ची धरून ठेवल्यासारखं दिसेल, अशा पेचात तुम्ही आहात. म्हणून ‘प्रामाणिकपणा’ हा मोठा शब्द पुढे आला असावा. माझा अंदाज चुकीचा असेल तर तसं कळवा. बरोबर असेल, तर हे तिघांना सांगितल्याशिवाय सहीपर्यंत जाऊ नका.

मी स्वतः काही वर्षं चौघींच्या एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे. आम्हीही आवाजावरून भांडत आहोत असंच समजत होतो. फुटलो तेव्हा कळलं की भांडण कोणाचं काम मोजलं जातं यावर होतं, आणि ते आम्ही एकदाही त्या नावाने काढलं नव्हतं. त्या चौघींपैकी एकीशी माझं अजून बोलणं नाही. तुमच्या बाबतीत असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा लेबलला उत्तर द्यायच्या आधी चौघं एकत्र बसा, वाद्यं बाजूला ठेवून. आधी प्रत्येकाने आपापला कागद लिहून आणायचा: नोकरी सोडू शकतो का, वर्षातले किती दिवस घराबाहेर राहू शकतो, कोणती गोष्ट गेली तर बँड सोडेन. गिटारवाल्यालाही लिहावं लागेल, त्याचं खरं मत तिथेच कळेल. मग गाण्यांचे आणि रेकॉर्डिंगचे वाटे आपसात ठरवा आणि सह्या करा. आजवरच्या पाच अल्बमवर ध्वनिमुद्रण आणि निर्मिती म्हणून तुमचं नाव जाऊ दे. नव्या करारात सहनिर्माती म्हणून तुमची मागणी ठेवा. निदान मिक्सला, म्हणजे सगळे आवाज जुळवून झालेल्या अंतिम रूपाला, तुमची संमती लागेल, हे तरी लिहून घ्या. लेबलने याला नकार दिला तर तिघं काय करतात ते बघा. तुमच्या ‘जायचं की नाही’ला मला त्याहून चांगली कसोटी सुचत नाही.

तीन आठवडे पुरणार नाहीत, सहा मागा. ज्यांना पुढच्या तीन अल्बममध्ये रस आहे त्यांना तीन आठवड्यांनी फरक पडू नये.

आणि एक काम या आठवड्यातच करा, करार होवो न होवो. तुमच्या त्या पहिल्या फोर-ट्रॅक कॅसेट्स डिजिटल करून घ्या. त्या साध्या डेकवर नीट वाजणार नाहीत. चारही ट्रॅक एकाच दिशेने टिपलेले असतात, त्यामुळे साध्या डेकवर त्यातले दोन ऐकू येतील आणि कॅसेट उलटली की उरलेले दोन उलटे वाजतील. यंत्र दुप्पट वेगाचं असेल तर सगळंच संथ ऐकू येईल. म्हणजे तीच पेटी लागणार, आणि तिचे पट्टे आतून सैल होत असतात. हेड पुसून घ्या, चारही ट्रॅक वेगवेगळे उतरवा, दोन ठिकाणी ठेवा. हे करताना जमलं तर गायकाला शेजारी बसवा.

— तुमची सदरलेखिका